सुटे भाग

उभ्या राहिलेल्या मोटारीवरून सर्वांत आधी बिल्ला जातो. त्यानंतर चाकांचे कप, बाहेरचा आरसा, वायपरच्या दांड्या. बॅटरी आधी उतरते, मग तीही जाते. टायर कोणी नेत नाही. हवा गेली की ते रिमखाली चपटे होतात आणि गाडी चार बोटे खाली बसते. पावसाचे पाणी पुढच्या काचेच्या रबरातून आत शिरते आणि पायाखालच्या जाजमात मुरते. पत्रा तिथून सडायला लागतो.

गाडी प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे. गिअर चार, दांडी स्टिअरिंगच्या चाकाखाली. पुढची सीट सलग. ड्रायव्हरशेजारी दोघे बसत. चारही चाकांना ड्रम ब्रेक. १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाइट या नावाने आली. १९७४ पासून पद्मिनी झाली. बोनेटवरचे नाव बदलले. गॅरेजमध्ये ती फियाटच राहिली.

तिच्याआधीची गोल पाठीची फियाट महाराष्ट्रात डुक्कर फियाट म्हणून ओळखली जाई. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत. एके काळी ती डॉक्टरांच्या दवाखान्यापुढे उभी असे. हल्ली ती व्हिंटेज रॅलीत दिसते, किंवा लग्नासाठी भाड्याने मिळते.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. कारखाना कुर्ल्याला. आधी तिथे डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळवल्या जात, नंतर फियाट. २००० सालच्या आसपास पद्मिनीचे उत्पादन थांबले. जमिनीवर कोहिनूर सिटी उभी राहिली. जवळच्या रस्त्याचे नाव प्रीमियर रोड आहे. फियाटने आपला कारभार रांजणगावला नेला. फियाट नावाची नवी मोटारही आता भारतात विकली जात नाही.

नंबर लावणे ही एक पद्धत होती. पैसे भरायचे, पावती जपून ठेवायची आणि वर्षानुवर्षे थांबायचे. पावती आली तेव्हा शाळेत असलेला मुलगा गाडी आली तेव्हा ती चालवण्याच्या वयाचा झालेला असे. रंग निवडता येईलच असे नव्हते. मिळेल तो घेत. पेढे वाटत. चाकाखाली लिंबू ठेवून पहिला गिअर टाकत.

पंतप्रधान झाल्यावर लालबहादूर शास्त्रींनी फियाट घेतली. किंमत १२,००० रुपये होती. जवळ ७,००० होते. ५,००० रुपये पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. कर्ज फिटण्याआधी ते गेले. उरलेली रक्कम ललिता शास्त्रींनी निवृत्तिवेतनातून फेडली. ती गाडी दिल्लीच्या स्मारकात ठेवलेली आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. नंबर लावायची पद्धत त्यानंतर काही वर्षांत संपली. ज्यांच्याकडे फियाट होती त्यांतल्या अनेकांनी ती विकली. काहींनी विकली नाही, चालवलीही नाही. त्या गाड्या इमारतींच्या मागच्या बाजूला राहिल्या. थोड्या पैशांत दुरुस्तीला घेतल्या जातात त्या बहुतेक याच गाड्या.

मुंबईची टॅक्सी म्हणजे पद्मिनी. अंग काळे, टप पिवळा, वर सामानाचे कॅरिअर. आतले छत फुलाफुलांच्या रेक्झिनचे. मीटर बाहेर, डाव्या बाजूला. दांडी खाली पाडली की आकडे फिरू लागत. मीटरवरचे आकडे जुन्या दराचे असत. नवे भाडे छापील तक्त्यात बघावे लागे. २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले. छापील तक्ता गेला.

टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांची ददात नव्हती. हजारो टॅक्सी रोज चालत, रोज काहीतरी मोडे, म्हणून दुकानदार माल भरून ठेवत. घरगुती गाडीला लागणारा भाग त्याच फळीवरून मिळे. गिरगावापासून घाटकोपरपर्यंत कुठेही गाडी बंद पडली तरी मिस्त्री चालत जाऊन आणता येई.

२००८ मध्ये टॅक्सीला २५ वर्षांची वयोमर्यादा आली. २०१३ मध्ये ती २० वर्षांवर आली. टॅक्सी झपाट्याने मोडीत निघाल्या. कुर्ल्याच्या भंगारात दरवाजांच्या चळती लागल्या, गिअरबॉक्स ढिगाने पडले, बोनेट भिंतीला टेकवून ठेवलेली असत. त्या काळात पद्मिनीचा कुठलाही भाग स्वस्तात मिळे. तो काळ फार टिकला नाही.

टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. तिची २० वर्षे २०२३ मध्ये भरली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. काळा-पिवळा रंग इतर गाड्यांवर आहे.

ऑपेरा हाउसच्या बाजारात भागाचे नाव सांगायची गरज पडत नसे. जुना तुकडा काउंटरवर ठेवला की आतला माणूस न बोलता मागे जाई आणि तसाच नवा घेऊन येई. तपकिरी कागदात गुंडाळलेला, ग्रीस लावलेला. आता त्या काउंटरवर तुकडा ठेवला की तो उलटसुलट करून परत दिला जातो. पुढच्या काचेच्या कपाटात सीट कव्हर, मोबाइलचे स्टँड आणि एलईडी दिवे असतात.

मंगळवार पेठेतला पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार. दोन्हीकडे फियाटचे सामान अजून निघते. दरवाजाचे हँडल, घड्याळ, हॉर्नची कडी. ते आता सुट्या भागांत नसते. पितळी दिवे आणि ग्रामोफोन यांच्या शेजारी असते. भाव त्यांच्याप्रमाणे सांगतात.

पैसे थोडे असले की कामाचा क्रम आपोआप ठरतो. आधी ब्रेक. मग पेट्रोलची टाकी आणि नळी. मग वायरिंग. मग इंजिन. मग पत्रा. रंग त्यानंतर. सीट त्यानंतर. क्रोम बहुधा राहून जाते.

ब्रेकचे लायनर पूर्वी रिबिट मारून बसवत. जुना लायनर खरवडून काढायचा, नवा ठेवायचा, तांब्याचे रिबिट ठोकायचे. हे काम फूटपाथवर होई. आता तयार शू बदलतात. पद्मिनीचे तयार शू मिळाले नाहीत तर रिबिट मारणारा शोधावा लागतो. ट्रकच्या अड्ड्यावर तो सापडतो.

बंद टाकीतले पेट्रोल उडून जाते आणि तळाशी राळेसारखा थर राहतो. टाकी उतरवून, आत खडी घालून हलवतात. गंज सुटतो. भोके निघाली तर डाग देतात. टाकीला डाग देणारा तो रेडिएटरवालाच असे. तांब्या-पितळेचा रेडिएटर तो खोलून साफ करी, नळ्यांतून सळई फिरवी, पुन्हा जोडून देई. नव्या गाड्यांचे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे, वरची टाकी प्लास्टिकची. ते दुरुस्त करत नाहीत, बदलतात. रेडिएटरच्या दुकानांपुढची पाण्याची हौदी दिसेनाशी झाली.

शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद झाले. या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट त्या पेट्रोलवर चालायच्या हिशेबाने केलेल्या होत्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यात नरम पडतात. नळ्या नव्या घेता येतात. पडदा मापाने कापून घेतात.

कार्बोरेटर सोलेक्सचा. तो खोलायचा, जेट फुंकून साफ करायचे, पुन्हा जोडायचा आणि इंजिन चालू ठेवून एक स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवायचा. आवाज सारखा झाला की हात काढायचा. २००० च्या सुमारास नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला. कार्बोरेटरवर वेगळे दुकान चालवणारे गेले. त्यांच्या पाट्या काही ठिकाणी राहिल्या आहेत. शटरमागे झेरॉक्स आहे.

डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट पॉलिश पेपरने घासत. फट फिलर गेजने बघत. गेज नसले तर पोस्टकार्डाच्या जाडीवर भागवत. प्लग मायकोचे. तो प्लग काढून त्याचा रंग बघितला की मिस्त्रीला पेट्रोल जास्त जळते की कमी ते कळे. २००८ मध्ये मायको कंपनीचे नाव बॉश झाले. जुन्या गॅरेजच्या भिंतींवर मायकोची पाटी असते. पोस्टकार्ड घरात नसते.

डायनामो खराब झाला तर पूर्वी आर्मेचर गुंडाळून देणारा असे. तांब्याची तार मोजून वेढे घाली. आता मारुतीचा अल्टरनेटर बसवतात. स्वस्त पडतो आणि बॅटरी भरलेली राहते. पट्टा आणि पकड यांत थोडा फरक करावा लागतो. डायनामो डिकीत ठेवून देतात.

अशा अदलाबदली पुष्कळ होतात. हेडलाइटचे काच-रिफ्लेक्टर दुसऱ्या गाडीचे. हॉर्न तिसऱ्या गाडीचा. सीटचे पट्टे चौथ्या. गाडी चालते.

इंजिन बोअर करायला लेथवाल्याकडे जाते. सिलिंडर झिजले की ते थोडे मोठे करायचे आणि त्या मापाचे पिस्टन घालायचे. वीसचे, मग तीसचे, मग चाळीसचे. त्यापुढे भिंत पातळ होते, तेव्हा स्लीव्ह घालून पुन्हा मूळ मापावर आणायचे. इंजिन असे दोन-तीन आयुष्ये काढी. पिस्टनचे मोठ्या मापाचे संच आता एकसारखे सापडत नाहीत. तीन एका दुकानात मिळतात, चौथा दुसऱ्या गावात.

हँडगिअरच्या, म्हणजे स्टिअरिंगखालच्या गिअरच्या, दांड्या बोनेटखाली जिथे जोडल्या जातात तिथले बुश झिजतात. मग गिअर अडकतो. बोनेट उघडून, हाताने दांडी ओढून तो सोडवावा लागे. फियाटच्या प्रत्येक मालकाला हे येई. बुश बाजारात नसले तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुन्यावरून लेथवर करून मिळतात. नमुना आणावा लागतो. नकाशा कोणाकडे नाही.

मोटार ड्रायव्हिंग स्कूलची गाडी फियाट असे. टपावर उभी पाटी, शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक. हात बाहेर काढून वळण्याची खूण करणे शिकवत. परीक्षेत विचारत. हँडगिअरवर शिकलेल्या माणसाला मारुतीत बसल्यावर काही दिवस डावा हात स्टिअरिंगखाली जाई. त्या शाळांतून आता हँडगिअर कोणी शिकवत नाही. दुरुस्त झालेली पद्मिनी घरातल्या तरुणाला गेटबाहेर काढता येत नाही.

पुढच्या चाकांना किंगपिन. त्यांना ठरावीक अंतरावर ग्रीस भरावे लागते. पेट्रोल पंपाच्या बाजूला त्यासाठी खड्डा किंवा रॅम्प असे. खाली एक पोऱ्या ग्रीसगन घेऊन उतरे, निपल मोजत फिरे, वर येऊन मडगार्डवर थाप मारी. पंपावर त्या जागी हवा भरायचे यंत्र, एटीएम किंवा चहाचे दुकान आहे. किंगपिन ग्रीसवाचून घट्ट होतात आणि स्टिअरिंग जड लागते.

टायर ५.२०–१४ मापाचे, आत ट्यूब. डनलॉपचे असत. हुगळीकाठचा डनलॉपचा साहागंजचा कारखाना बंद पडला. या मापाचे टायर अधूनमधून मिळतात, चार एकदम मिळणे अवघड. म्हणून रेडियल बसवतात. गाडी दिसायला थोडी वेगळी दिसते. ट्यूबचा पंक्चर काढणारा तव्यात पाणी घेऊन बसे. बुडबुडा आला की तिथे काडीने खूण करी. ट्यूबलेस टायरला तवा लागत नाही.

पत्र्याचे काम दोन तऱ्हेने होते. सडलेला भाग कापून नवा पत्रा गॅस वेल्डिंगने जोडायचा, ही एक. सडलेल्या भागावर जाळी ठेवून पुट्टी भरायची, ही दुसरी. दुसरी स्वस्त. रंग लागल्यावर फरक दिसत नाही. एक-दोन पावसाळ्यांनंतर पुट्टीला फुगवटा येतो.

डेंटरकडे हातोड्या आठ-दहा असत. एक सपाट तोंडाची, एक अणकुचीदार, एक लाकडी. मागून लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हलके ठोकत जायचे. तळहात फिरवून उंचवटा कळे. नव्या गाडीचे मडगार्ड नटबोल्ट काढून बदलतात. ते विम्यात बसते. मडगार्ड ठोकून सरळ करणारे डेंटर साठीच्या पुढचे आहेत. हाताखाली मुलगे नाहीत.

रंग ड्यूको. पातळ, अनेक हातांचा. प्रत्येक हातानंतर पाण्याने पॉलिश पेपर मारायचा. आठवडाभर चाले. शेवटी मेण आणि बनियनचे फडके. आता रंग कॉम्प्युटरवर जुळवून डब्यात देतात, बूथमध्ये भाजतात, दोन दिवसांत गाडी परत. कमी पैशांत तो पर्याय नसतो. रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून, वारा पडल्यावर संध्याकाळी काम होते.

बंपर लोखंडी, वर क्रोम. गंजलेला बंपर घासून, निकेल देऊन पुन्हा चकचकीत करता येतो. प्लेटिंगचे लहान कारखाने शहरांतून औद्योगिक वसाहतींत गेले. एक-दोन नग ते घेत नाहीत. बंपरला मग चंदेरी रंग मारतात.

सीटमध्ये स्प्रिंगा, वर काथ्या, वर रेक्झिन. घरगुती गाडीत त्यावर पांढरे कव्हर. काथ्या उंदीर नेतात. त्या जागी फोम भरतात. स्प्रिंगा ठीक असल्या तरी काढून टाकतात, कारण त्या ओढून बांधणारा मिळत नाही. बसल्यावर येणारा आवाज जातो.

पुढच्या दारांच्या तिकोनी काचा बाहेर वळवता येत. वारा थेट अंगावर येई. खुंटी पितळेची, क्रोम केलेली. रेडिओ चोरणारे हीच काच फोडत. नवी काच काचवाला कापून देतो. खुंटी देत नाही.

खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडी टाकून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग असे. बाटलीतले पाणी रेडिएटरमध्ये ओतायचे, झाकण उघडताना फडके धरायचे, मुलांना लांब उभे करायचे. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. घाटात थांबायची जागा राहिली नाही. पाण्याचा कॅन डिकीतून गेला.

डिकीत आणखी असे: जॅक, पाना, स्टेपनी, दोरी, जुनी चादर, पंपावर मिळालेला फनेल. कंपनीचे माहितीपुस्तक पुढच्या कप्प्यात. त्याच्या शेवटच्या पानांवर पेट्रोलचा हिशेब पेनाने लिहिलेला. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. एका तारखेनंतर पाने कोरी.

आरसी बुक खरोखरचे पुस्तक होते. मालकांची नावे हाताने लिहिलेली, प्रत्येक नोंदीवर शिक्का. त्या जागी स्मार्ट कार्ड आले. पुस्तकातला शेवटचा मालक हयात नसेल तर ३१ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची ना-हरकत. एक मुलगी नागपूरला असते, एक मुलगा न्यू जर्सीला. सह्या जमायला इंजिनापेक्षा जास्त वेळ लागतो.

नंबरप्लेट पेंटर रंगवी. एमएच ही अक्षरे १९८९ च्या सुमारास आली; त्याआधी तीन अक्षरे आणि पुढे आकडे. पेंटर खडूने दोन रेघा मारी आणि मोकळ्या हाताने लिही. कोपऱ्यात स्वतःचे नाव बारीक अक्षरांत टाकी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. ती यंत्रावर ठोकलेली येते.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती नवी करायची. २०२२ पूर्वी शुल्क ६०० रुपये होते. मग ५,००० झाले. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झाले. पर्यावरण कर वेगळा.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज मोटारींसाठी नियम केले. गाडी ५० वर्षांपुढची हवी. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल नकोत. नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पाटीवर व्हीए ही अक्षरे. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे यांसाठी ती बाहेर काढता येते. रोजच्या वापराला नाही. १९७४ च्या पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीला आल्या. त्यांतल्या ज्यांना डिझेल इंजिन बसवून चालत्या ठेवले होते, त्या या नियमात बसत नाहीत.

थोड्या पैशांत एक पद्मिनी उभी करायला बहुधा दुसरी विकत घ्यावी लागते. दुसरीचे कागद अपुरे असतात किंवा खालचा पत्रा पार गेलेला असतो. तिच्यातून काचा निघतात, तिकोनी काचेची खुंटी, चौथा पिस्टन, गिअरच्या दांड्या, बिल्ला. उरलेले वजनावर जाते. नोंदणी रद्द करताना चेसिस नंबरचा पत्रा तेवढा कापून आरटीओत जमा करावा लागतो. त्याची पावती मिळते.